वायां जाणारा उजेड

जुनें घर सोडावयाचें ठरलें म्हणजे सामानाचे दोन ढीग होतात. एक नेण्याचा आणि एक टाकण्याचा. परंतु प्रत्येक घरांत कांहीं वस्तु अशा निघतातच, कीं त्या या दोहोंपैकीं कोणत्याहि ढिगांत धड बसत नाहींत. आमच्या पुण्यांतील इमारतीचा पुनर्विकास ठरला, जागा दोन महिन्यांत रिकामी करून द्यावी असें पत्र आलें, आणि माळा उपसतांना अशीच एक वस्तु आमच्या हातीं आली. आमच्या वडिलांचा, म्हणजे घरांतील सर्वांच्या अण्णांचा, रशियन बनावटीचा कॅमेरा!

कॅमेरा म्हणण्यापेक्षां कॅमेऱ्याचें कलेवर म्हणावें हेंच खरें. पन्नास वर्षांत आंतील पडद्याचें कापड कुजून गेलें होतें. भिंगाच्या कडेला मात्र पुण्याच्या पावसाळ्यांनीं धरविलेली थोडी बुरशी होती, एवढेंच. एका वृद्ध कारागिरानें तें खोलून पुसून दिलें आणि खिडकीपुढें धरून म्हटलें, "साहेब, हें अजून पाहतें आहे." 'हेलिओस ४४-२' हें त्या भिंगाचें नांव. नाभीय अंतर ५८ मिलिमीटर, ॲपर्चर एफ २. जर्मनींतील कार्ल झाइसच्या युद्धपूर्व 'बायोटार' भिंगाच्या रचनेवर बेतून सोव्हिएट रशियांत अशीं भिंगें फार मोठ्या संख्येनें तयार झालीं. तेव्हां जगाच्या दृष्टीनें तें दुर्मिळ नव्हे. आमच्या घरांत तें एकच आहे.

त्या भिंगांतून अण्णांनीं १९७६ सालीं काढलेलें आईचें एक छायाचित्र आमच्या संग्रहीं आहे. खिडकीशीं झोपाळ्यावर आई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडीत बसली आहे. मागें शेवग्याचीं पानें आहेत. आणि डाव्या कडेला एका मुलाच्या सदऱ्याची बाही तेवढी दिसते. ती बाही आमची. छायाचित्राच्या पाठीवर निळ्या शाईनें अण्णांनीं लिहिलें आहे: 'हेलिओस. एफ २. खिडकीचा उजेड.' आई आतां चौऱ्यायशीं वर्षांची आहे. बांधाबांध चालू असतां ती एकदां सहज म्हणाली, "अरे, जाण्यापूर्वीं त्या खिडकीशीं माझा एक फोटो काढ. अण्णांनीं काढला होता तसा." आमच्या मातोश्रींनीं आयुष्यांत फारशा मागण्या केल्या नाहींत, म्हणून ही मागणी आम्हीं फार मनावर घेतली.

आमच्या कन्येनें आपला जुना मिररलेस कॅमेरा आम्हांस देऊन टाकला आहे. अण्णांच्या भिंगास मागें ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे आहेत. ते त्या कॅमेऱ्यास जोडणारें एक साधें धातूचें कडें अल्प किंमतींत मिळालें. भिंग बसविलें, बटण दाबलें, आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं: 'भिंग जोडलेलें नाहीं.' ज्या भिंगापुढें आमचें सारें बालपण उभें राहिलें, तें या यंत्राच्या लेखीं नाहींच! 'भिंगावांचून छायाचित्र घेण्यास परवानगी द्यावी' अशी एक आज्ञा यंत्राच्या यादींत शोधून दिली, तेव्हां कोठें तें राजी झालें.

अण्णा कोठें उभे राहिले असतील हें शोधणें अवघड नव्हतें. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं कोंपरा तुटलेली एक फरशी आहे. तिच्या मागें ओटा. त्याहून मागें कोणासहि जातां येत नाहीं. त्या फरशीवर उभे राहून आम्हीं आईला पाहिलें. तिचा चेहरा सुरेख आला. पण खिडकीची चौकट अर्धी कापली गेली आणि झोपाळ्याची एक सांखळी चित्राबाहेर राहिली. आईनें तें चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलें आणि म्हटलें, "यांत मी आहें रे, पण घर कोठें आहे?"

घर कोठें गेलें होतें, हें समजण्यास थोडें गणित पुरतें. अण्णांची फिल्म ३६ मिलिमीटर रुंद व २४ उंच. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारें २३.५ रुंद व १५.६ उंच. भिंगाला याची वार्ता नाहीं. तें पूर्वींसारखीच फिल्मभर पुरेल एवढी प्रतिमा पाडीत राहतें, आणि सेन्सर तिच्या मध्यावरचा तुकडा तेवढा उचलतो. मोठ्या पोळीतून वाटीनें पुरी कापावी, तशांतला हा प्रकार. पुरी कापल्यावर कडेचें उरलेलें पीठ निदान पुन्हां मळतां येतें; येथें उरलेला उजेड कॅमेऱ्याच्या काळ्या भिंतींवर पडून वायां जातो. क्षेत्रफळाचा हिशेब मांडला तर त्या फिल्मभर प्रतिमेंतील निम्म्याहून अधिक, शेंकडा सुमारें ५८ भाग, असा फुकट जात होता. आमची खिडकी, सांखळी आणि शेवगा त्या काळ्या भिंतींवर पडलीं होतीं.

यावर एक उपाय आहे, आणि तो नांवाजण्याजोगा आहे. भिंग व सेन्सर यांच्यामध्यें प्रतिमा लहान करणाऱ्या भिंगांचा एक संच बसवावयाचा. त्याला फोकल रिड्यूसर म्हणतात. आकाशनिरीक्षक आपल्या दुर्बिणींस अशी योजना पुष्कळ काळ करीत आले आहेत. एफ १० ची दुर्बीण एफ ६.३ ची करणारे रिड्यूसर त्यांच्या पेटींत नित्य असतात. निकॉननें १९९५ च्या सुमारास फ्युजीच्या साह्यानें काढलेल्या अंकीय कॅमेऱ्यांतहि हीच युक्ति होती. सेन्सर नखाएवढा, पण फिल्मच्या भिंगाचें सगळें दृश्य त्यावर उतरावें म्हणून आंत कांचांची रांग. परिणामीं कॅमेरा चांगलाच अवजड. पुढें जानेवारी २०१३ मध्यें ब्रायन कॉल्डवेल या भिंगरचनाकाराच्या आंखणीवरून मेटाबोन्सनें 'स्पीड बूस्टर' जाहीर केला, आणि ही विद्या मुठींत मावेल एवढ्या कड्यांत आली.

ती कड्यांत आली कशी, याचें कारण आम्हांस विशेष मनोरंजक वाटतें. अण्णांच्या कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म यांच्यामध्यें एक आरसा असे. छायाचित्र घेतांना तो उचलला जाई. त्या आरशास हलावयास जागा हवी, म्हणून भिंगाची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर दूर ठेवलेली. मिररलेस कॅमेऱ्यांतून आरसा निघून गेला. आमच्या कॅमेऱ्यांत हें अंतर अवघें १८ मिलिमीटर उरलें. म्हणजे जुनें भिंग जोडावयाचें तर मध्यें २७ मिलिमीटरांची पोकळी ठेवणें भागच. आमच्या साध्या कड्यांत ती पोकळी नुसती पोकळी होती. रिड्यूसर नेमका त्या गेलेल्या आरशाच्या जागीं जाऊन बसतो.

त्याचें काम ०.७१ या एका आंकड्यांत सांगतां येतें. ५८ मिलिमीटरांचें भिंग ४१ चें होतें. प्रतिमेची लांबी-रुंदी त्या मानानें घटली म्हणजे क्षेत्रफळ निम्म्यावर येतें. उजेड तितकाच, जागा निम्मी. म्हणून तो दुप्पट दाट पडतो आणि एफ २ चें भिंग एफ १.४ प्रमाणें वागूं लागतें. येथें नवा उजेड कोठूनहि आणलेला नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. वायां जात होता तोच गोळा केला.

आम्हीं हें सर्व मोठ्या उत्साहानें कन्येस समजावून सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "बाबा, त्याच फरशीवर उभें राहून फोननें काढलें, आणि आजोबांच्या फोटोएवढें कापून घेतलें तर? कोन तोच येईल कीं नाहीं?" कोन तोच येईल. दृश्यांतील जवळ-दूरचें नातें उभें राहण्याच्या जागेवर अवलंबून असतें, भिंगावर नव्हे; भूमितीनें ती बरोबर होती. आम्ही पार्श्वभूमीच्या मऊपणाचा मुद्दा काढला, पानें किंचित गोल फिरल्यासारखीं दिसण्याची हेलिओसची लकब कडेलाच दिसते व रिड्यूसरवांचून ती कापली जाते, असेंहि सांगितलें. हे मुद्दे खरेच आहेत. पण मुद्दे मांडीत असतां आमचें आम्हांसच कळलें कीं आमचें खरें कारण त्यांत नाहीं. तें मुलीला सांगतां आलें नाहीं, आणि तिनें विचारलेंहि नाहीं.

रिड्यूसर आम्हीं स्वस्तांतला घेतला आणि स्वस्ताईचें प्रायश्चित्तहि घेतलें. पहिल्या दिवशीं गच्चीवरून पर्वतीकडे रोखला, तर टेंकडी कांहीं केल्या स्पष्ट होईना. भिंगाचें कडें अनंतापर्यंत फिरविलें तरी देऊळ धूसरच. कांचेचा संच आपल्या जागेपासून केंसभर हललेला असला तरी असें होतें. बाजूचा बारीक स्क्रू सैल करून तो संच आट्यांवर थोडा थोडा फिरवावा लागतो. तीन संध्याकाळीं हा उद्योग केला, तेव्हां देवळाचा कळस जागेवर आला. चित्राचे कोंपरे मात्र मऊ राहिले ते राहिलेच. आणि ॲपर्चर फार बारीक केलें असतां मध्यभागीं एक निळसर डाग उमटतो. प्रतिमा आक्रसते तेव्हां जुन्या भिंगाचे दोषहि तिच्याबरोबर लहान होतात, म्हणून मध्यभाग पूर्वींपेक्षां रेखीव दिसतो. परंतु नव्या कांचांचे दोष कोंपऱ्यांत जमा होतात. जुन्या-नव्याची सांगड घालणाऱ्यास दोन्हीकडचें थोडेंबहुत सोसावेंच लागतें.

घर सोडण्याच्या आदल्या रविवारीं, ऊन उतरल्यावर, आई झोपाळ्यावर बसली. सूप अगोदरच बांधून ठेवलें होतें. तें मुद्दाम सोडून आणविलें. तांदूळ बाजारांतून निवडलेलेच येतात. तरी तिचीं बोटें सवयीनें चालूं लागलीं. तुटक्या फरशीवर उभे राहून आम्हीं ॲपर्चर पुरतें उघडलें, हातानें कडें फिरवून तिच्या पापण्या स्पष्ट केल्या आणि श्वास धरून बटण दाबलें. अण्णा असेच श्वास धरीत, हें आम्हांस त्याच क्षणीं आठवलें.

छापून आणलेलें चित्र आईनें आपलें वाचावयाचें भिंग घेऊन बारकाईनें पाहिलें. खिडकी सबंध आली होती. दोन्ही सांखळ्या आल्या होत्या. वरच्या कड्या जरा पुसट. बाहेर शेवगा होता. "आतां आलें घर," ती म्हणाली. मग १९७६ चें छायाचित्र शेजारीं ठेवून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "पण कडेला तूं नाहींस."

तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. हिशेब पुरता जुळत नाहीं. थोडी तूट राहते. दहा फुटांवरून अण्णांच्या फिल्मवर सुमारें सव्वासहा फूट रुंदीचें दृश्य मावत असे. साध्या कड्यानें तें चार फुटांवर आलें होतें. रिड्यूसरनें पावणेसहा फूट परत मिळविलें. राहिलें तें दोन्ही बाजूंस मिळून सुमारें अर्धा फूट. आणि डाव्या बाजूच्या त्या तीन इंचांतच तो बाहीवाला मुलगा उभा होता. अर्थात् तीन इंच मिळाले असते तरी तो तेथें सांपडला नसता. तो आतां फरशीवर उभा होता.

कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत एक टिपण ठेवतो; वेळ, तारीख, उघडझाप, सर्व त्यांत असतें. या चित्राच्या टिपणांत भिंगाचा रकाना रिकामा आहे. म्हणून आम्हीं टाक शोधून काढला आणि छापील प्रतीच्या पाठीवर लिहिलें: 'हेलिओस, अण्णांचें. एफ २. खिडकीचा उजेड.' शाई वाळेपर्यंत हातांत धरून मग ती प्रत नेण्याच्या ढिगांत ठेवली. भिंगहि त्याच ढिगांत ठेवलें.