काकांच्या नावेत डिस्को

ऑफिसात दिवाळीला एलईडीच्या माळा लावल्यापासून मी स्वतःला लाइटिंग एक्स्पर्ट समजतो. त्यामुळे यंदा देऊळगावराजाला जाताना बॅगेत निळ्या पट्टीचा ५ मीटरचा रोल होताच. टार्गेट : काकांची नाव. खडकपूर्णा धरणाच्या पाण्यावर, म्हणजे संत चोखामेळा सागरावर, काका पाहुण्यांना संध्याकाळी हौसेने फिरवतात.

दिवसभर खपलो. मीटरला १४.४ वॅट, म्हणजे एकूण ७२. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ६ अँपिअर. म्हणून बॅटरीजवळच फ्यूज टाकला. पट्टी वॉटरप्रूफ असली तरी कापलेल्या टोकातून पाणी शिरतं, तिथे सिलिकॉन. लाल-हिरवा मुद्दाम टाळला, ते रंग बोटीची डावी-उजवी बाजू दाखवायला असतात. (धरणात कोण बघतंय म्हणा!)

अंधारात स्विच दाबला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, फोटो झाले. थोडं आत गेलो आणि काकांनी वल्हं थांबवलं.

"बंद कर बाप्पा. पाणीच दिसून नाही राह्यलं."

पट्टी मी आतल्या कडेला, नेमकी त्यांच्या डोळ्यांसमोर चिकटवली होती. पण आम्हाला तर दिसत होतं!

"काका, डोळ्यांचं काय?"

"मोतीबिंदू हाय म्हनत होते. झालं असंल वर्ष. काकूला नको सांगू."

सकाळी पट्टी उखडून बाहेरच्या अंगाला, पाण्याकडे तोंड करून लावली. दुपारच्या एसटीने दोघं जालन्याला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काकूला सांगितलं, वायर आणायला चाललोय.