मुद्दल आणि व्याज

मुद्दलापेक्षां व्याज गोड, असें नातवाला मांडीवर घेऊन आजी म्हणते. हीच गोडी बँकेच्या वहींत उतरली म्हणजे काय होतें, हें कळण्यास आम्हांस पदवी घ्यावी लागली.

चार वर्षांच्या शिक्षणासाठीं आम्हीं दरसाल एक लाख याप्रमाणें चार लाखांचें कर्ज काढलें. व्याज दरसाल शेंकडा १०. तारण कांहीं नव्हतें. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही होती, एवढेंच. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाहीं, अशी सवलत होती. ती हप्त्याची होती, व्याजाची नव्हे, हा भेद आमच्या ध्यानांत आला नाहीं. वडिलांच्या मात्र आला. पहिल्या वर्षीं महिन्याचें व्याज ८३३ रुपये होई. "तेवढें मी भरीत जातों, तुला पुढें जड जाणार नाहीं," असें ते म्हणाले. नोकरी लागतांच सारें फेडूं, असें आम्हीं त्यांस ऐटींत सांगितलें.

पहिला लाख पांच वर्षें, दुसरा चार, तिसरा तीन आणि चौथा दोन, असें व्याज साठत गेलें. हप्ता सुरू होण्याच्या दिवशीं १ लाख ४० हजार व्याज मुद्दलांत मिसळून कर्ज ५ लाख ४० हजार झालें. आतां व्याजावरहि व्याज! दहा वर्षांच्या मुदतीनें मासिक हप्ता बसला ७,१३६ रुपये. पहिल्या हप्त्यांतले ४,५०० व्याजानेंच गिळले. पांच वर्षांत सव्वाचार लाखांहून अधिक भरले, आणि पाहतों तों बाकी ३ लाख ३६ हजारांच्या घरांत. मुदत अर्धी सरली. कर्ज अर्धें फिटलें नव्हतें.

सहाव्या वर्षीं आमची नोकरी सुटली. हप्ते थकले असतील, या धास्तीनें बँकेंत गेलों, तों दोन महिन्यांचे हप्ते वडिलांनीं आधींच भरलेले. आम्हांस त्यांनीं अवाक्षरहि सांगितलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हीं हिशेब मांडला. वेळच्या वेळीं व्याज दिलें असतें, तर हप्ता ५,२८६ रुपयेच बसता. १ लाख ४० हजार तेव्हां भरले नाहींत, म्हणून पुढें दहा वर्षांत २ लाख २२ हजार भरावे लागले. आपल्या मुलांच्या कर्जाच्या कागदांवर आज जे सही करीत असतील, त्यांनीं हा आंकडा मनांत ठेवावा.

कर्ज फिटल्यावर ते दोन हप्ते आम्ही वडिलांस परत देऊं लागलों. त्यांनीं पाकीट उघडलेंहि नाहीं.

"राहूं दे," ते म्हणाले. "तुझ्या पहिल्या वर्षाचें व्याज, असें समज."