काहीच नाही, उपवास होता

"बाई, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

"काहीच नाही. उपवास होता."

डॉक्टरीणबाई माझीच जुनी विद्यार्थिनी. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. "काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे आपलं सकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी. दुपारी भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. चारला दोन केळी. रात्री उरलेली खिचडी संपवली, टाकायची कशाला म्हणून."

बोलता बोलता माझं मलाच ऐकू येऊ लागलं. बत्तीस वर्षं मंगळवेढ्याच्या बाजूला शाळेत गणित शिकवलं. दुसऱ्याच्या बेरजेतली चूक मला लांबून दिसायची. स्वतःची बेरीज मात्र कधी मांडली नव्हती.

मधुमेह निघाला तो डोळ्यांच्या निमित्तानं. वर्षभरात चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी रक्त तपासून या. उपाशीपोटी १७८. तीन महिन्यांची सरासरी ९.१; ती ६.५ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह धरतात. ही सरासरीची तपासणी मोठी कडक मास्तरीण आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते ती सांगते. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतर केलं की निभावतं, हा आमच्या शाळेतला हिशेब इथे चालत नाही.

त्या दिवसापासून मी चहातली साखर सोडली. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर रोजची वाचली. केवढा त्याग! लग्नाकार्यात "मला बिनसाखरेचा" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायची. तीन महिन्यांनी सरासरी आली ८.६. मला फसवल्यासारखं झालं, आणि त्याच भेटीत वरचा संवाद घडला.

माझे उपवास मोजा. महिन्याच्या दोन एकादश्या, एक संकष्टी, दत्ताचे चार गुरुवार. सात दिवस झाले. वर श्रावणी सोमवार आणि नवरात्र. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या घरात हसण्यावारी नेत. ती आपल्याबद्दल आहे असं कोणालाच वाटत नसे.

विद्यार्थिनीनं मला गृहपाठ दिला. बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र घ्यायचं, जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजायचं आणि लिहून ठेवायचं. मी चौकटीची वही आणली. पुढचे दोन महिने एवढे रंगले, की सेवानिवृत्तीनंतर पहिल्यांदाच सकाळी उठायला कारण मिळालं.

खिचडी एक बशी: २७१. भगर आणि आमटी: २१४. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, ज्या मी फार पौष्टिक समजत होते, त्यांनीही दगा दिला: २३०. साबुदाण्याचं पुढे वाचलं तेव्हा कळलं, की शंभर ग्रॅममध्ये पंच्याऐंशीच्या पुढे नुसतं पिष्ट असतं, प्रथिनं नावालाही नाहीत. चहातून वाचवलेली चाळीस ग्रॅम साखर मी खिचडीतून दामदुपटीनं परत घेत होते.

मग पाळी आली भाकरीची. आमचा भाग मालदांडी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे 'ज्वारी खा, साखर पळते' हे आम्ही अभिमानानं सांगतो. तीन भाकरी आणि पिठलं: २३६. दीड भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, मेथी आणि ताक: १६२. ज्वारी चांगलीच आहे हो, पण तीसुद्धा धान्यच आहे. तिसऱ्या भाकरीला मानांकनाचं संरक्षण नसतं. गुळाचंही तसंच. गूळ म्हणजे साखर नव्हे, असं मला निदान वीस जणांनी सांगितलं. माझ्या यंत्राला त्या दोघांतला फरक कळला नाही.

सगळ्यात गंमत वाटली ती जेवणाच्या क्रमाची. आपल्या पंगतीत पहिला वाढतात वरणभात, तोही तूप घालून, भूक कडाडलेली असताना. मी तो शेवटी नेला. आधी काकडीची कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, आणि शेवटी भात. पदार्थ तेच, माप तेच, पण आकडा वीस-पंचवीसनं कमी. जेवल्यावर मागच्या दारापासून तुळशीपर्यंत पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या की आणखी खाली. शतपावली म्हणायला शंभर पावलं; मला हजारभर लागतात. (हुरड्याच्या दिवसांतली पानं मात्र या वहीत नाहीत. कोणी विचारू नये.)

उपवासाला खिचडी करणार नाही, हे सासूबाईंना सांगणं आकड्यांपेक्षा अवघड होतं. त्या, म्हणजे आमच्या आत्याबाई, तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. मी मास्तरकीचं शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, "आत्याबाई, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळं समुद्रापलीकडून आलेलं. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या वेळी यातलं काही इथं नव्हतं. जिरं आणि तूप तेवढं तेव्हाही होतं."

त्या माळ ओढता ओढता थांबल्या. "आन् विठ्ठलाला चाललं की गं इतकी वर्षं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मग रागानं म्हणा, ईर्ष्येनं म्हणा, पुढच्या आषाढीला मी ठरवलं, की काहीच खायचं नाही. खराखुरा उपवास. सकाळी सवयीनं गोळी घेतली, पाणी प्यायले आणि पूजेला बसले. माझी सकाळची गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेणारी आहे. पोटात अन्न असो नसो, ती आपलं काम करत राहते. हे मला सांगितलेलं होतं. आषाढीच्या दिवशी आठवलं नाही. दहाच्या सुमारास हात थरथरू लागले. अंगाला दरदरून घाम. समोरच्या समईच्या दोन ज्योती दिसायला लागल्या आणि ह्यांनी हाक मारली तर काय उत्तर द्यायचं ते जुळेना. ह्यांनी यंत्र आणून बोट टोचलं: ५४. सत्तरच्या खाली गेलं की धोका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ह्यांनी ती मला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८१. मग वाटीभर दूध आणि अर्धी भाकरी. एकादशीला भाकरी! आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं कुस्करून दिली आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

वर्षभर जिला शत्रू म्हणून डब्यात कोंडलं होतं, त्या साखरेनंच त्या सकाळी वाचवलं. आता एक पुडी पर्समध्ये असते.

विद्यार्थिनी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, उपवास करू नका असं मी कधी म्हटलं? आधी विचारा. गोळीचं माप बदलावं लागतं." तिनं मग उपवासाच्या दिवसाची गोळी वेगळी लिहून दिली. गुरुवार मी सोडले. दत्तानं काही म्हटलेलं नाही. एकादशीला अर्धी वाटी भगर, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, काकडी, मूठभर दाणे, ताक. साबुदाणा नाही. गेल्या खेपेची सरासरी ६.९ आली.

तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल आणि आषाढी किंवा नवरात्र धरायचं असेल, तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना सांगा, आणि उपवासाला काय काय खाता ते सगळं सांगा. "काहीच नाही" म्हणू नका. गोळीचा निर्णय आपल्या मनानं घेऊ नका, माझी वही बघूनही घेऊ नका. तुमचे आकडे वेगळे येतील.

आत्याबाई आता शहाऐंशीच्या आहेत. दर एकादशीला बशीभर खिचडी खातात, वर लिंबाचं गोड लोणचं घेतात. परवा त्यांचंही बोट टोचून पाहिलं. उपाशीपोटी ९२.