चाकांतील पहारेकरी

महाळुंग्याहून रोज हिंजवडीस नोकरीला जाणाऱ्या आमच्या चिरंजिवांनीं यंदा मोटारीचे ‘रन-फ्लॅट’ टायर काढून साधे ट्यूबलेस टायर घालण्याचें ठरविलें. पहिल्यांच्या बाजू जाड व ताठ असतात. त्यामुळें हवा सर्वस्वीं गेली तरी ताशीं ८० किलोमीटरांच्या आंत वेग ठेवून सुमारें ८० किलोमीटर जातां येतें. मात्र त्याच ताठपणामुळें खड्ड्यांचे हिसके पाठीस बसतात.

दुकानदार म्हणाला, चारहि सेन्सर नवे घ्या. चिरंजीव म्हणाले, मग सेन्सरच नकोत. मला दोन्ही पक्ष अग्राह्य वाटले. आमच्या मोटारींतील हवेचा दाब मोजणारा सेन्सर टायरास नव्हे, तर चाकाच्या आंत व्हॉल्व्हला जोडलेला आहे. म्हणून देहलीदीपन्यायानें तो जुन्या व नव्या दोन्ही टायरांस उपयोगी पडतो. व्हॉल्व्हचें रबरी सील तेवढें बदलावें. त्याची बॅटरी मात्र साधारण पांच ते दहा वर्षें टिकते. सेन्सर त्या वयास पोहोंचला असेल, तर टायर उतरलेला असतांनाच तो बदलावा. दुसऱ्यांदा मजुरी पडत नाहीं.

परंतु तो काढून टाकणें सर्वथा अयोग्य. हवा गेल्यावर साधा टायर गाडी सांभाळून नेत नाहीं, आणि अशा मोटारींत बहुधा जादा चाकहि नसतें. जादा चाक न बाळगण्याची मुभा देणाऱ्या २०२० च्या नियमानेंहि दाबसूचक यंत्रणा व पंक्चर-दुरुस्तीचें साहित्य आवश्यक मानलें आहे. ताम्हिणी घाटांत सूनबाई व नातवंडें गाडींत असतां ती सूचना वेळेवर मिळणें, याचें मोल चार सेन्सरांच्या किंमतीनें कसें करावें? आधार कमी झाला असतां पहारा वाढवावा, उठवूं नये.