आजीचा हात बघून या

टॅटू काढायला पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा मोबाइल पुढे करतो. त्यात एक चित्र असतं, कधी चाळीस असतात, आणि सोबत 'अस्संच हवंय' हे वाक्य असतं. त्याच्या मते तयारी पुरी झालेली असते. माझ्या मते ती अजून सुरूही झालेली नसते. पहिल्या भेटीत घोडं अडतं ते जागा कुठली, आकार केवढा, कातडी कशी आणि पंधरा वर्षांनी ते कसं दिसलेलं चालेल, या प्रश्नांवर. यांतल्या एकाचंही उत्तर मोबाइलमधल्या चित्रात नसतं. म्हणून माझं सांगणं असं, की चित्र सैल ठेवा आणि बाकीचं पक्कं करून या. लोक नेमकं उलटं करतात: चित्राच्या रेघेरेघेवर हटून बसतात आणि जागेचं विचारलं की 'कुठेही चालेल' म्हणतात.

कागदावरचं चित्र पुरं झालं की ते तिथेच थांबतं, कातडीतलं थांबत नाही. सुई त्वचेचा वरचा थर ओलांडून खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, शाई सोडते. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो, त्यामुळे तिथे राहिलेली शाई टिकत नाही. खालच्या थरात शरीर शाईला परकी वस्तू समजतं आणि तिला गिळायला पेशी धावतात. त्यांना ती पचत नाही, पण सोडवतही नाही. त्या पेशी मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी उचलतात. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपट्या गोंदून ही देवघेव दाखवली. अशा देवघेवीत रेघ जागची थोडी हलणारच. ती जाडावते, कडा मवाळ होतात, दोन रेघांमधली फट आक्रसते. शिवाय शाई खाली आणि आपल्या कातडीचा रंग वर, म्हणजे प्रत्येक रंग आपण तपकिरी काचेतून बघत असतो. गोऱ्या युरोपीय पाठीवर खुललेला फिका पिवळा किंवा बेबी पिंक सावळ्या दंडावर जखम भरता भरता हरवतो. काळा मात्र राहतो, गडद लाल, निळा आणि हिरवाही बऱ्यापैकी राहतात. शंका असेल तर आधी एखादा ठिपका टाकून तो भरेपर्यंत थांबता येतं. मोबाइलमधला फोटो बहुतेक वेळा मशीन बंद केल्यानंतर पाच मिनिटांत काढलेला असतो. नवरीचा फोटो बघून संसार कसा होईल ते सांगावं, तसलाच हा प्रकार.

मग संदर्भ म्हणून बघायचं काय? माझं उत्तर लोकांना गमतीचं वाटतं: भेटीला येण्याआधी एखाद्या आजीचा हात नीट बघून या. स्वतःची नसेल तर शेजारची, गावाकडची, एसटीत बाजूला बसलेली. कपाळावरचा ठिपका, हनुवटीवरचे तीन ठिपके, हातावरची तुळस, मनगटाजवळचं नाव. काजळाने गोंदलेलं ते काळं आता निळसर-हिरवट दिसतं, कारण खोलवरचा काळा कण कातडीतून तसाच दिसतो. रेघा दुप्पट झाल्यात, कातडी सैल पडलीय. तरीही तुळस ही तुळसच आहे, हे लांबूनही कळतं. कारण ठिपके एकमेकांपासून लांब आहेत, रेघा मोजक्या आहेत आणि मधली कातडी मोकळी सोडलीय. नाव मात्र पुष्कळदा वाचता येत नाही. साठ वर्षांचा अनुभव त्या हातावर फुकट वाचायला मिळतो, आणि कुठलाही स्टुडिओ एवढा जुना आल्बम दाखवू शकत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनतोड वाटावा असाच आहे. गोंदणारीण कुठे काय विचारत होती? जत्रेत बसल्या बसल्या हात पुढे केला, पाच मिनिटांत गोंदून झालं आणि ते जन्मभर टिकलं. मग तुमच्याच इथे ही भेट, चर्चा, आधी स्केच, आगाऊ पैसे, एवढं अवडंबर कशासाठी? गोंदणारीण विचारत नसे हे खरं, पण तिला विचारायची गरजच नव्हती. काय गोंदायचं, कुठे, केवढं, हे तिच्या आणि समोरच्या बाईच्या आधीच कित्येक पिढ्यांनी ठरवून ठेवलं होतं. कातडीत जे बुजतं ते नमुन्यांतून केव्हाच गळालं होतं आणि उरलं ते टिकणारंच होतं. दोघींची भाषा एक होती. आज येणाऱ्याला जपानी लाट हवी असते, आइसलँडचं चिन्ह हवं असतं, बाळाच्या पावलाचा ठसा हवा असतो, आणि हे सगळं बोटाच्या पेराएवढं. ही निवड कुणी गाळून दिलेली नाही, म्हणून ते गाळणं आता दोघांना एका तासात करावं लागतं. (त्या जत्रेतली एक गोष्ट मात्र अजिबात परत नको: एकच सुई सगळ्या रांगेला. पाकिटबंद सुई आपल्या डोळ्यांदेखत फोडायला सांगणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. त्यावर तोंड वाकडं करणाऱ्याकडून उठून यावं.)

अक्षरांच्या बाबतीत हे गाळणं सगळ्यांत अवघड जातं, आणि मराठी माणसाला तर अक्षरंच हवी असतात. राजमुद्रा घ्या. अष्टकोनात अनुष्टुभातली 32 अक्षरं, आणि त्यांत 'च्च', 'द्र', 'ष्णु', 'र्वि' अशी जोडाक्षरं. मनगटावर दीड इंचात ती बसवायची म्हटली, तर एका ओळीला सहा-सात मिलिमीटर मिळतात. त्यातून वरचा रफार-वेलांटी आणि खालचा उकार वजा केला की अक्षराच्या अंगाला तीन-चार उरतात. सुईची रेघच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि पुढे ती फुगणार असते. पहिल्या दिवशी मुद्रा सुरेख दिसेल, काही वर्षांनी तिथे आठ कोनांचा डाग असेल. 'ध'चा 'मा' केल्याची आनंदीबाईंच्या नावावरची गोष्ट खरी असो वा नसो, कातडीवर 'ध'चा 'घ' व्हायला कारस्थान लागत नाही. शिरोरेषेतली फट बुजली की झालं. तेव्हा मुद्रा हवी असेल तर दंड किंवा पाठ द्या, मनगट हवं असेल तर एखादं अक्षर निवडा. मजकूर मोबाइलवरून उतरवायचा असेल तर आणखी एक पथ्य आहे. चित्रांच्या कित्येक सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी चिकटवली की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरापुढे जाऊन बसते, आणि 'आशीर्वाद' तर टंकतानाच ऱ्हस्व झालेला असतो. मोडीत नाव हवं असणाऱ्यांची संख्या वाढते आहे. ती लपेटी आम्हाला सुंदर काढता येईल, पण बरोबर आहे का हे मोडी वाचणाऱ्यानेच सांगायला हवं. म्हणून मजकूर स्वच्छ हाताने कागदावर लिहून, जाणकाराकडून तपासून आणावा. एवढी एक गोष्ट मात्र सैल ठेवू नये.

'अंग माझं, पैसे माझे. सांगतो ते काढा' असंही म्हणणारे असतात. त्यांचा हक्क मला मान्य आहे. पण शिंप्याकडे फोटो नेला तरी माप द्यावंच लागतं, आणि छातीचं माप बघून शिंपी गळा बदलायला सुचवतो तेव्हा तो आपला हक्क हिरावत नाही. याहून खोल संशय वेगळाच असतो: 'मोठं करा' म्हणजे जास्त बिल. हा संशय खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या धंद्यात इंचावर दर लावणारे आहेत आणि इंच वाढवण्यात त्यांचा फायदा आहे. त्याला उपाय साधा आहे. पैशाचा आकडा पहिल्याच वाक्यात सांगून टाकावा आणि समोरच्याला त्याच्याच कामाचे वर्ष उलटून गेलेले फोटो मागावेत. जो ते दाखवू शकतो त्याने 'मोठं करा' म्हटलं तर ऐकावं. जो नुसतेच ताजे फोटो दाखवतो, त्याचं 'लहानही चालेल' हेसुद्धा ऐकू नये.

राहिली अंगाची आणि दिवसांची माहिती. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मुरुमांवरची औषधं, जखमेचा वण फुगून येण्याची सवय, काळ्या मेंदीने कधी उठलेली पुरळ: हे न विचारता सांगावं. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी तर जागेचा विचार चित्राच्या आधी करावा. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत सलामीच्या हातावर गोंदलेलं चालत नाही. डाव्या हाताच्या कोपराखालची आतली बाजू किंवा पंजाची पाठ चालते, तीही त्या भागाच्या पाव हिश्शाहून कमी असेल तर. प्रत्येक दलाचा नियम थोडा वेगळा, तेव्हा आपली जाहिरात वाचूनच यावं. नेमाने रक्तदान करणाऱ्यांना पुढचे 12 महिने थांबावं लागतं. जखम भरायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून तारीख मागताना कॅलेंडर उघडून बसावं. रंगपंचमीच्या आधीचा आठवडा, विसर्जनाच्या आधीचा आठवडा नको. ओल्या जखमेवर गुलाल आणि मग विसर्जनाचं पाणी, याहून वाईट मलम शोधून सापडणार नाही.

एवढं टेबलावर आलं की मोबाइल बाजूला ठेवून पेन घेता येतं. चित्राचा नुसता बाह्याकार हातावर काढायचा आणि हात सरळ खाली सोडून उभं राहायचं. बहुतेकांना स्वतःकडे तोंड केलेलं चित्र हवं असतं. हात खाली सोडला की ते जगाला उलटं दिसतं हे तेव्हा कळतं, आणि तरी कुणाला तसंच हवं असेल तर तेही ठीक. हात वळवून, मूठ आवळून, कोपर दुमडून बघायचं. आरशावर विसंबायचं नाही, त्यात अक्षरं उलटतात. सोबत आलेल्याला चार पावलं मागे जाऊन फोटो काढायला सांगायचं आणि तो फोटो घेऊन घरी जायचं. पेनाची शाई दोन अंघोळीत जाईल. तोवर हात बघत राहा, तारखेचं मग फोनवर बोलू.