मेन स्विच आधी

तोक्योत जमीन जरा जोरात हलली की पुण्याहून मामींचा फोन येतो आणि शेवटी ठरलेलं वाक्य असतं, "थांबला ना? मग झोपा आता." काळजी खरी आहे, पण त्या "झोपा"ने माझा जीव खालीवर होतो.

१४ एप्रिल २०१६च्या रात्री जपानमधल्याच कुमामोतोला ६.५ क्षमतेचा भूकंप झाला. मोठा धक्का होऊन गेला, असं समजून काही लोक घरी परतले. १६ तारखेला पहाटे दीडच्या सुमारास ७.३चा आला. माशिकी गावाने इथल्या मोजपट्टीवरची सर्वांत वरची, ७ची तीव्रता दोनदा सोसली. पहिल्या वेळी तडकलेली घरं दुसऱ्या वेळी बसली. आता मोठ्या भूकंपानंतर इथलं हवामान खातं बजावतं की आठवडाभर तेवढाच हादरा पुन्हा येऊ शकतो. किल्लारीच्या भूकंपानंतर आपली माणसं कित्येक रात्री घराबाहेर झोपली; ती भीती शहाणी होती.

बाहेर पडताना मात्र मेन स्विच पाडायचाच. आपल्याकडे लाइट गेली की एखादं बटण चालू ठेवतात, आली की कळावं म्हणून. इथे तीच सवय घर जाळते. हीटर आडवा पडलेला, त्यावर पडदा, कपाटाखाली वायर चेमटलेली, घरात कोणी नाही; काही तासांनी, कधी दिवसांनी वीज येते आणि घर पेट घेतं. १९९५च्या कोबे भूकंपात कारण समजलेल्या आगींपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. शेजारच्या आजींनी दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांसमोर येईल अशी चिठ्ठी चिकटवली आहे: ब्रेकर, गॅस, बूट. ब्रेकर म्हणजे मेन स्विच, बूट फुटलेल्या काचांसाठी. गॅसचा मीटर जोराच्या हादऱ्याला आपोआप बंद होतो. तरी वास येत असेल तर काडी ओढायची नाही आणि दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही. परतल्यावर आधी सगळे प्लग काढायचे, वायरी बघायच्या, मगच मेन चालू.

हादरा बसताच वीज तोडणारा ब्रेकरही मिळतो. भाड्याच्या प्रत्येक घरात तो सक्तीने बसवावा, असं माझं ठाम मत आहे. कडेवर मूल आणि समोर अंधार असताना मेन स्विच आठवेलच असं नाही. त्या ब्रेकरने दिवेही जातात, म्हणून उशाशी टॉर्च हवाच, आणि घरात कुणी ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल तर त्याला बॅटरीची सोय आधीच करून ठेवायला हवी.