नुसते आटे जुळून भागत नाही

बाळ,

तू पाठवलेले डिझेल फिल्टरच्या खोक्याचे फोटो पाहिले आणि त्याखालचं वाक्यही वाचलं: "मामा, आटे जुळतात, सील बसतं, शोरूमच्या एका फिल्टरच्या किमतीत हे तीन येतात, डझनभर घेऊन ठेवू का?" घेऊ नकोस. घेतले असतील तर लावू नकोस. पण एवढ्यावर ऐकणाऱ्यातला तू नाहीस, आणि कारण कळल्याशिवाय ऐकूही नये, म्हणून सविस्तर लिहितो. बाहेरचा फिल्टर घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. बहुतेक गाड्यांचे कारखाने फिल्टर स्वतः बनवतच नाहीत. बॉश, माले, मान-हुमेल, आपल्या पुण्याची फ्लीटगार्ड अशा कंपन्या इंजिनवाल्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानं बाजारातही विकतात. मला लागलं ते वेगळंच. खोक्याच्या चारही बाजू तू दाखवल्यास. त्यावर गाडीचं नाव आहे, इंजिनचं चित्र आहे, उत्तम दर्जाची ग्वाही आहे. पण हा फिल्टर किती बारीक कण अडवतो आणि शंभरातले किती अडवतो, हे कुठेही नाही. आणि ते विचारावं असं तुलाही वाटलं नाही! खताच्या गोणीवर १०:२६:२६ छापलेलं नसेल तर तू त्या गोणीला हात लावणार नाहीस. मग इथे नुसत्या आट्यांवर कसा भुललास?

तुझ्या पिकअपचं इंजिन कॉमन रेलचं आहे, दाजींच्या जुन्या गाडीचं नव्हतं, हे घरात अजून कुणाच्या गळी उतरलेलं दिसत नाही. जुन्या पंपाच्या इंजिनाला जाडसर गाळण चालून जायची. कॉमन रेलमध्ये डिझेल १,६०० बारच्या किंवा त्याहून जास्त दाबानं इंजेक्टरपर्यंत पोचतं, आणि इंजेक्टरच्या आतल्या सरकत्या भागांमधली फट असते जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे खरी झीज करतो तो चार-पाच मायक्रॉनचा कण, जो डोळ्यांना दिसतच नाही. बाटलीत डिझेल धरून, उजेडात पाहून "स्वच्छ आहे" म्हणण्याला त्यामुळे काहीच अर्थ उरत नाही. शेतरस्त्याच्या धुळीत वाळूचे कठीण कण असतात. एवढ्या दाबाखाली ते इंजेक्टरमधल्या झडपेची बैठक खरवडतात. मग परतीच्या नळीतून डिझेल जास्त निसटतं, रेलमध्ये दाब धरत नाही, सकाळी गाडी उशिरा चालू होते, धूर येतो, ओढ जाते. हे सगळं महिन्यांनी होतं, म्हणून दोष पंपावरच्या डिझेलला जातो आणि फिल्टर नामानिराळा राहतो.

आता आकड्याकडे ये. दुकानदार "पाच मायक्रॉनचा आहे" म्हणाला तरी समाधान मानू नकोस. पाच मायक्रॉनचे किती कण अडतात, हा खरा प्रश्न. नुसत्या 'नॉमिनल' मापाचा फिल्टर त्यातले निम्मेही सोडत असू शकतो. चांगल्या कंपन्या आयएसओ १९४३८ या चाचणीचा निकाल देतात. त्यात कणाचा आकार आणि टक्केवारी दोन्ही असतात. नव्वद टक्के ऐकायला छान वाटतं. पण हजार कणांतले शंभर पुढे गेले, आणि ९९.५ टक्क्यांच्या फिल्टरमधून फक्त पाच गेले. टक्क्यांत पाहिलं तर फरक साडेनऊचा. इंजेक्टरच्या वाट्याला मात्र वीसपट घाण आली. इंजिनाचा संबंध अडलेल्या कणांशी नसतो, सुटलेल्यांशी असतो. "मग सर्वांत बारीक असेल तोच घेतो" असंही म्हणू नकोस. लहान डब्यात फार बारीक कागद कोंबला तर तो लवकर तुंबतो. म्हणून किती ग्रॅम धूळ धरून ठेवतो, तो आकडाही बघ. स्वस्त मालात कागदाच्या घड्या कमी असतात, घड्यांच्या टोकांचा डिंक कच्चा असतो, आणि एकदा तो जोड सुटला की कागद कितीही चांगला असो, डिझेल बाजूनं निघून जातं.

पाण्याचं तर तू नावच काढलं नाहीस. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. हवेसाठी हे उत्तमच झालं; पण गंधक काढताना डिझेलचा अंगचा वंगणगुण घटतो, तो भरून काढायला द्रव्यं मिसळावी लागतात, आणि अशा द्रव्यांमुळे पाण्याचे थेंब फुटून अगदी बारीक होतात. मानकाप्रमाणे सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेलही चालतं, आणि ते पाणी अधिक धरून ठेवतं. नियमात बसणाऱ्या डिझेलमध्येही किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी असू शकतं. साठ लिटरच्या टाकीत ते सुमारे दहा ग्रॅम झालं. जुन्या धाटणीच्या कागदातून हे बारीक थेंब सरळ पार होतात आणि पंपात गंज धरतो. म्हणून पाणी वेगळं करण्याचा आकडाही मागायचा, त्याची चाचणी आयएसओ १६३३२. शिवाय तळाशी पाण्याचा सेन्सर आणि ड्रेनचा स्क्रू तुझ्या गाडीच्याच मापाचा हवा.

तुझे आक्षेप मला इथूनच ऐकू येतात. डिझेल टाकीत परत जातं, म्हणजे पुन्हा पुन्हा गाळलं जातं, असं म्हणशील. खरं आहे, पण जो कण पहिल्या फेरीत सुटला तो आधी पंपातून आणि रेलमधून जातो, मग टाकीत. नुकसान करूनच परततो. दोन स्वस्त फिल्टर ओळीत लावू, म्हणशील. दोघांची गाळण तेवढीच ढिली, वर डिझेलच्या वाटेत अडथळा वाढतो आणि नवीन जोडांतून एअर धरते. लवकर लवकर बदलत राहीन, हेही नको. नवा कागद सुरुवातीलाच कमी अडवतो, शिवाय प्रत्येक बदलात स्वच्छ बाजू उघडी पडते. तिथे मधल्या भोकातून कॅनचं डिझेल ओतायची खोड तर आधी सोड. हँड प्रायमर त्यासाठीच दिलाय. वॉरंटीची भीती घालणाऱ्यांना सांग की २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांविरुद्धच्या निकालात स्पष्ट म्हटलं: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. पुढे अपिलं झाली, आणि तो खटला कारचा होता. पण मुद्दा सरळ आहे. अर्थात तो आपल्यालाही बांधतो. फिल्टर वाईट निघाला तर ते नुकसान आपलंच.

"आकडा कुणीच छापत नाही" हा तुझा शेवटचा आक्षेप, आणि तो बराचसा खरा आहे. चांगल्या कंपन्याही खोक्यावर छापत नाहीत. तांत्रिक पत्रकात देतात, विचारलं तर पाठवतात. पण आपण विचारत नाही, म्हणून छापलं जात नाही. बियाणं, औषध, तार, पाइप, सगळीकडे हेच चाललंय. गिऱ्हाईक आकडा मागत नाही तोवर चांगला माल करणाऱ्याला चांगुलपणाची किंमत मिळत नाही, आणि वाईट माल करणारा त्याच्याच शेजारी तेवढ्याच ऐटीत बसतो. माप सांगायला तयार नाही त्याचा माल घरात आणायचा नाही, एवढा एक नियम प्रत्येक शेतकऱ्यानं धरला तर अर्धी फसवणूक थांबेल. आकडा मिळालाच नाही, तर मूळ पार्ट नंबरला नेमका जुळणारा, इंजिनवाल्यांना माल देणाऱ्या कंपनीचा फिल्टर अधिकृत विक्रेत्याकडून जीएसटी बिलावर घे. त्याच नावाचे नकली खोकेही फिरतात, म्हणून बिल हवंच.

आणि बाळ, इंजेक्टरच्या खर्चापुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. डिझेल फिल्टरला ऑइल फिल्टरसारखा बायपास सहसा नसतो. तुंबला की दाब पडतो, गाडी ओढ सोडते किंवा बंदच पडते. बंद पडली की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. टोमॅटो भरून तू रात्री वाशीला निघतोस, कसारा घाटात पाऊस आणि धुकं असतं, मागे ट्रकांची रांग असते. तिथे गाडी उभी राहिली तर काय करशील? तुझी आई हे विचारत नाही, कारण तिला फिल्टर म्हणजे काय ते माहीत नाही. मला माहीत आहे. तेव्हा ते खोकं परत कर, फिल्टरच्या तळाचं पाणी आजच सोड, आणि नवीन फिल्टरच्या बिलाचा फोटो पाठवल्याशिवाय पुढची खेप भरू नकोस.

तुझा,
मामा